जिरायती बाग : कोरांटीचा इतिहास

महसुली मराठीत जमिनीचे दोन मोठे भेद आहेत : जिरायत आणि बागायत. पावसावर पिकते ती जिरायत, विहिरीचे किंवा पाटाचे पाणी मिळते ती बागायत. सातबारा हाती घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असलेले हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. 'बागायत' हा फारसी 'बाग' शब्दावर उभा आहे. 'जिरायत' म्हणजे अरबी 'जिराअत', आणि त्याचा मूळ अर्थ केवळ 'शेती' एवढाच आहे. उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही 'जिराअत' हा शब्द शिकवतो तेव्हा मुलांना त्याचा अर्थ 'खेतीबाडी' असा सांगतो. तीच मुले घरी गेली की त्यांच्या बापजाद्यांच्या बोलण्यात 'जिरायत' म्हणजे पाणी नसलेले शेत. शब्द दख्खनमध्ये मुक्कामाला आला आणि इथल्या मातीने त्याचा अर्थच बदलून टाकला. शेती म्हणजे कोरडवाहू शेती, हा निकाल इथल्या भाषेने कधीच देऊन टाकला आहे.

बागेच्या बाबतीत मात्र भाषेने असा निकाल दिलेला नाही. बाग म्हटली की पाणी आलेच. हौद, कारंजी, पाट, मोट आणि आता नळ. आपल्या बागांचा जो इतिहास लिहिला गेला तो सगळा बागायतीचा आहे. ज्या अंगणाला आठवड्यातून एकदा टँकरचे पाणी मिळते त्या अंगणात फुले नव्हती काय? होती आणि आहेत. त्या जिरायती बागेचा इतिहास कोणत्या दरबाराने लिहून ठेवला नाही. कोरांटी या एका काटेरी झुडपाच्या निमित्ताने तो थोडाबहुत मांडून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

पाण्याच्या बागा

मुस्लिम संस्कृतीत बागेचे स्थान काय आहे हे वेगळे सांगायला नको. 'जन्नत' या अरबी शब्दाचा अर्थच बाग. 'फिर्दौस' या शब्दाची गोष्ट त्याहून जुनी आहे. प्राचीन इराणी भाषेत चारी बाजूंनी भिंत घातलेल्या आवाराला जो शब्द होता, त्याच्यापासून तो निघाला आणि पुढे युरोपच्या भाषांतही स्वर्गवाचक शब्द म्हणून पोचला. म्हणजे बागेची सुरुवात फुलाने झाली नाही, पाण्यानेही नाही. ती कुंपणाने झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे कोरांटीकडे वळताना तिचे काम पडणार आहे.

इराणी आणि मध्य आशियाई परंपरेतून आलेली बाग दख्खनमध्ये रुजली ती पाण्याच्या कारागिरीवर. निजामशाहीच्या अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) १५८३ साली फराहबाग पूर्ण झाला. तलावाच्या मधोमध महाल आणि त्यासाठी दुरून खापरी नळांनी आणलेले पाणी अशी त्याची रचना होती. हबशी मुलखातून गुलाम म्हणून आलेल्या आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेल्या मलिक अंबरने खडकी गाव वसवले आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यासाठी 'नहरे अंबरी' बांधली. तेच गाव पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. बीबी का मकबऱ्याचा चारबाग त्याच शहरातला. या बागांचे कौतुक आम्हालाही आहे. पण त्या कारंज्यांच्या मागे पाणी शोधणारे, खापरी नळ भाजणारे आणि नळातला गाळ काढणारे शेकडो हात होते, आणि ज्या दिवशी ते हात थांबले त्या दिवशी बाग सुकली. फराहबागेचे आज अवशेषच पाहावे लागतात.

अकबराच्या दरबारातील अबुल फजलने 'ऐने अकबरी'त फुलांच्या याद्या दिल्या आहेत. एक यादी सुवासिक फुलांची, दुसरी देखण्या फुलांची. दरबाराची कसोटी वास आणि रूप हीच होती. कोणते झाड किती पाण्यावर जगते ही कसोटी दरबाराला कधी लावावी लागली नाही. ती लावावी लागली आमच्या मुरबाड-शहापूरच्या बायकांना.

आमच्याकडचे पाणी

निजामशाहीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. या राज्याचा शेवट १६३६ साली आमच्याच शहापूर तालुक्यातील माहुलीच्या किल्ल्यावर झाला. शहाजीराजे बाल निजामशहाला घेऊन या किल्ल्यावर होते, आणि मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यात त्यांना तह करावा लागला. अहमदनगरला तलावात महाल बांधणाऱ्या घराण्याच्या शेवटच्या दिवसांचे पाणी होते ते माहुलीच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतले. मुरबाड तालुक्यातून वर चढणाऱ्या नाणेघाटातही हेच दिसते. सातवाहनांच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याचा माल या वाटेने जुन्नरकडे जात असे. तिथे राणी नागनिकेचा लेख आहे, आणि वाटसरूंसाठी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. आमच्या मुलखातला पाण्याचा इतिहास हा असा आहे. चार महिने जे पडते ते खडकात साठवायचे आणि उरलेले आठ महिने पुरवायचे.

पाऊस कमी आहे असेही नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर मुरमाचा पातळ थर आणि पश्चिमेकडे उतार. पाणी थांबत नाही. ते थांबवण्याचे मोठे काम झाले ते मुंबईसाठी. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईला सुरू झाले. १८६२ साली भायखळ्याची राणीची बाग लोकांना खुली झाली. शहर वाढले तसे विहार-तुळशी अपुरे पडले आणि १८९२ साली शहापूर तालुक्यातील तानसा धरण पुरे झाले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला, आणि १९८० च्या दशकात भातसा. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, ते तर पाण्याच्या प्रचंड टाकीच्या छतावरच फुललेले आहे. मुंबईच्या हिरवळींवर शिंपडलेले पाणी आमच्या डोंगरांवर पडलेले असते. आणि एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगरांच्या कुशीतल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. तानसाची जलवाहिनी दिसते अशा गावातली बाईही रांगेत असते.

शहराला पाणी देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी पाजण्याइतके मोठे पुण्य नाही, हे आमच्या धर्मानेच आम्हाला शिकवले आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे की जिथे हंडाभर पाण्यासाठी पहाट मोडते तिथे बाग कशाला म्हणायचे याचा विचार शहराच्या पुस्तकांवरून करता येणार नाही. तो अंगणातल्या झाडावरून करावा लागेल.

कोरांटीची नावे

कोरांटी हे कंबरेएवढे, फार तर छातीएवढे वाढणारे झुडूप आहे. पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे आणि पावसाळा सरल्यावर थंडीपर्यंत येणारी पिवळी, केशरी झाक असलेली फुले. फूल नाजूक, दिवसभरात मलूल होते. दुसऱ्या दिवशी दुसरे उमलते. वास जवळजवळ नाही, म्हणून अत्तराच्या इतिहासात तिला जागा नाही. निळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या तिच्या बहिणीही आहेत. त्यांनाही लोक कोरांटीच म्हणतात.

अमरकोशात या झुडपांची नावे रंगांप्रमाणे वेगळी दिलेली आहेत. पिवळी ती कुरंटक, लाल ती कुरबक, निळी ती बाण किंवा दासी. आपली 'कोरांटी' त्या कुरंटकाचीच लेक. तिचे आणखी एक संस्कृत नाव आहे 'सहचर', म्हणजे बरोबर चालणारा. वैद्यकात सहचरादी तेल आजही बनते. मराठीत तिला वज्रदंतीही म्हणतात, कारण दात हलू लागले की पाला चावून चूळ भरण्याचा रिवाज जुना आहे. उत्तरेकडे आणि उर्दूत ती कटसरैया किंवा पियाबांसा. दोन्ही नावे इथल्याच मातीतली. दरबारी फारसीने तिला एखादे भारदस्त 'गुल' बहाल केले नाही.

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान आहे, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे. या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. ग्रंथातल्या अनेक चित्रांवर झाडांची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिपींत कोरलेली आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत जगणाऱ्या आमच्यासारख्यांना एकाच झाडाखाली या लिपी शेजारी शेजारी पाहताना जे वाटते ते वेगळे सांगायला नको. आमची कोरांटी या ग्रंथात 'कोलेट्टा वीटला' या नावाने येते. १७५३ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले, 'बार्लेरिया प्रायोनायटिस'. त्यातले पहिले नाव जॅक बार्लिए या फ्रेंच साधू-वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ, आणि दुसरे ग्रीक भाषेतल्या करवतीवरून, म्हणजे पुन्हा काट्यांवरूनच. पुढे थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१ ते १९०८) आणि कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व वामन दास बसू यांच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात (१९१८) तिची नोंद झाली. विद्वानांनी तिला औषध म्हणून लिहिले, शास्त्रज्ञांनी नमुना म्हणून. बागेतले झाड म्हणून तिचा विचार फारसा कोणी केला नाही.

मूळचे कुठले?

नावांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगणे भाग आहे. माणसाचे नाव ऐकून 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारण्याची सवय आपल्या समाजात आहे. आमच्या विद्यार्थ्यांनाही पुढे कॉलेजात, नोकरीत हा प्रश्न ऐकावा लागतो. चार पिढ्या मुरबाडच्या मातीत गेल्या तरी उत्तर पुरत नाही.

फुलांच्या बाबतीत ही कसोटी लावून पाहावी. गुलबक्षी हे नाव 'गुले अब्बास'वरून आले, पण झाड अमेरिका खंडातले. गुलछडी मेक्सिकोची, गुलमोहर मादागास्करचा. नावे फारसी, पण यातले एकही झाड इराणचे नाही. दसऱ्याला घरोघरी ज्याचे तोरण लागते तो झेंडूही मेक्सिकोचाच. देवळासमोर आणि कबरस्तानात सारख्याच मायेने लावला जाणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा. यातल्या कुठल्याही फुलाला आज कोणी परके म्हणत नाही आणि म्हणूही नये. जे ज्या मातीत रुजले, फुलले, ज्याच्याशी लोकांची सुखदुःखे जोडली गेली ते तिथले झाले.

उलट कोरांटीची कथा पाहा. ती इथली. अमरकोशाइतक्या जुन्या काळी तिला इथे नाव होते. तिच्या कुळातली झुडपे समुद्रापलीकडे अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेतही आहेत. पण हीच कोरांटी शोभेचे झाड म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गेली आणि तिथे मोकाट पसरून सरकारी यादीत उपद्रवी तण ठरली. आपल्याकडे त्याच्या उलटे घडले. इंग्रजी अमदानीत बागेचे कुंपण म्हणून अमेरिकेतून आणलेली घाणेरी, जिला आमच्याकडे टणटणी म्हणतात, ती बागेबाहेर पडून रानेच्या राने व्यापून बसली. तेव्हा देशी म्हणजे चांगले आणि परदेशी म्हणजे वाईट इतका सोपा हिशोब निसर्गातही नाही. शेजाऱ्याला जगू देते की नाही, एवढाच प्रश्न झाडाला विचारावा. आमच्या अंगणात कोरांटी हा प्रश्न सहज सोडवते. ती आपली जागा धरून राहते, मधमाश्यांना आणि फुलपाखरांना मध देते, काही फुलपाखरांच्या अळ्यांना पालाही देते आणि कोणाच्या वाट्याचे पाणी मागत नाही. 'सहचर' हे नाव तिला शोभते.

लावण्याची रीत

कोरांटीची लागवड हे फार मोठे शास्त्र नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला की जुन्या झुडपाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार पेऱ्यांची फांदी घ्यावी. खालची पाने काढावीत, दोन पेरी मातीत जातील अशी तिरपी खोचावी. कुंपण करायचे असेल तर दीड-दोन फुटांवर एकेक. बी टाकूनही रोप होते. बोंड वाळले की तडकते आणि बी दूर उडते. बियांवरची लव पाणी लागताच फुगून चिकट होते आणि बी ओल्या मातीला धरून राहते. पहिल्याच पावसाचा फायदा घ्यायची ही युक्ती तिला उपजत आहे.

जमीन मुरमाड चालते. पाणी साचणारी चालत नाही. ऊन हवे, अर्धी सावली असली तरी चालते. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावे. मुळे खाली गेली की पुढच्या वर्षीपासून तेही लागत नाही. फुलांचा हंगाम सरला की फांद्या छाटाव्यात, म्हणजे झुडूप भरदार होते. उन्हाळ्यात पाने गळून नुसत्या काड्या उरतात. नवख्या माणसाला झाड मेले असे वाटते आणि तो उपटून टाकतो. ते करू नये. वळवाचा शिडकावा झाला की त्याच काड्यांना कोंब फुटतात. काट्यांमुळे शेळ्याही तिच्या वाटेला सहसा जात नाहीत, त्यामुळे वेगळे कुंपण नको. फिर्दौस शब्दाच्या पोटात जे कुंपण आहे, ते आणि फूल, दोन्ही या एका झुडपात आहेत.

आमच्या शाळेच्या आवारात मुलांनी घरून आणलेल्या फांद्या वजूच्या नळाजवळच्या ओळीत लावल्या आहेत. वजू करताना वाहत्या नदीच्या काठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी प्रेषितांची शिकवण आहे. ती पुस्तकातून शिकवण्यापेक्षा वजूचे पाणी मुळाशी जाताना दाखवली तर मुलांना लवकर कळते. कापडाचा तुकडा हाताला गुंडाळून मुली फुले काढतात. कोकणात अबोलीसोबत कोरांटीची फुलेही वेणीत माळतात. तो प्रकार त्यांना आयांकडून ठाऊक आहे.

कबरस्तानासाठीही हे झुडूप योग्य आहे असे आम्हाला वाटते. प्रेषितांनी खजुरीची एक हिरवी फांदी दुभंगून दोन कबरींवर रोवली होती, ही हदीस सर्वांना माहीत आहे. कबरीवर सब्जा लावण्याची आपली रीत त्या भावनेशी जुळणारी आहे, पण आमच्या भागात पाण्यावाचून उन्हाळ्यात सब्जा टिकत नाही, आणि टँकरचे पाणी जिवंत माणसांनाच पुरत नाही. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने दिल्लीच्या चांदणी चौकात मोठी बाग उभारली होती. १६८१ साली ती वारली तेव्हा मात्र हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात तिला उघड्या आकाशाखालची साधी कबर मिळाली. आपल्यावर हिरवळीखेरीज दुसरे आच्छादन नसावे, ही तिची इच्छा तिथल्या शिलालेखात आहे. पाण्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या, बांधल्या, त्यांनाही अखेरीस जिरायती हिरवळच हवीशी वाटली. कबरस्तानाच्या हद्दीवर कोरांटीची ओळ लावली तर दगडी भिंतीचा खर्च वाचेल, गुरे आत येणार नाहीत आणि आश्विन-कार्तिकात गेलेल्यांच्या उशाशी फुले असतील.

यासाठी अनुदान नको, नर्सरीतून रोप विकत आणायला नको. एका घरची फांदी दुसऱ्या घरी, ठाकरवाडीतून मोहल्ल्यात, मोहल्ल्यातून कुणबी आळीत अशीच कोरांटी आजवर फिरत आली. तिचा इतिहास आहे तो या देवघेवीत. फांदी देताना कोणी कोणाला मूळ गाव विचारत नाही.

सातबाऱ्यावर जिरायत आणि बागायत यांच्याखेरीज आणखी एक रकाना असतो, पोटखराबाचा. जिथे काही पिकत नाही असे सरकारने ठरवले तो तुकडा. मुरबाड-शहापूरच्या वाटांवर दिवाळीच्या सुमारास कोणीही फिरावे. बांधाच्या कडेला, पडक्या जोत्यावर, त्या पोटखराबातच कोरांटी पिवळी झालेली दिसेल. येत्या मृगात तिथलीच एक फांदी घ्यावी आणि अंगणात खोचावी.